दोष आढळला नाही

ऑफिसात तिला पाठीमागे ‘उलटतपासणी’ म्हणत. तोंडावर मॅडम. ती जिन्यावर दिसली की कोणीतरी हळूच म्हणे, “आली रे उलटतपासणी,” आणि सगळे उगाच मान खाली घालून कामाला लागत. तिला हे ठाऊक होतं, पण तिने ते कधी दाखवलं नाही. नाव काही चुकीचं नव्हतं. तिचा धंदाच प्रश्न विचारण्याचा होता. बिझनेस अ‍ॅनालिस्ट हा शब्द कार्डावर बरा दिसतो, घरच्यांना तो कधी पचला नाही. आई शेजारपाजारी सांगायची, “ती कॉम्प्युटरमध्ये आहे.” वहिनीला एकदा तिने बसवून समजावलं होतं, की लोक काम कसं करतात ते आपण जाऊन बघायचं, विचारायचं, लिहून काढायचं आणि मग संगणकवाल्यांना सांगायचं की यांना खरं काय हवंय. वहिनीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे चौकशीची खिडकीच की. फक्त तू बाहेरच्या बाजूला.”

अशा खिडक्यांबाहेर तिची वीस-पंचवीस वर्षं गेली होती. दवाखान्याचं भांडार, छापखाना, पाण्याच्या तक्रारींचं कार्यालय, बिस्किटांचा कारखाना. त्यातून तिचे काही ठोकताळे बसले होते. साहेब सांगतो ते काम वेगळं आणि टेबलावर होतं ते वेगळं. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ म्हणणारा माणूस दुपारपर्यंत दोनदा तरी वेगळं करतो. काय हवंय असं विचारलं की लोक बटण मागतात. अडचण काय आहे असं विचारलं की घुटमळतात. बैठकीत जो नुसती मान हलवतो त्याला नंतर चहाला गाठायचं, कारण त्याला काहीतरी पटलेलं नसतं आणि चारचौघांत ते बोलायची त्याची तयारी नसते.

दवाखान्याच्या भांडारात मागणीच्या पावतीच्या तीन प्रती निघत. तिसरी कशाला, हे कोणालाच सांगता येईना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी ती दिवसभर तिथे स्टूल टाकून बसली तेव्हा कळलं, की तिसरी प्रत घडी करून खिडकीच्या फटीत खुपसतात, नाहीतर वारा सुटला की तावदान वाजतं. तिने नव्या पद्धतीतून तिसरी प्रत काढली आणि अहवालात सुतार बोलवावा असं लिहिलं. संगणकवाले पोट धरून हसले. सुतार काही आला नाही. महिन्याभरात तिसरी प्रत पुन्हा निघायला लागली.

म्हणून तिचा सगळ्यांत मोठा नियम असा, की विचारा कमी आणि बसून बघा जास्त. नव्या जागी गेली की ती कोपऱ्यात खुर्ची ओढून सांगायची, “तुमचं चालू द्या. मी नाही असं समजा.”

आई गेल्यापासून घरी हे वाक्य कोणाला म्हणायची वेळ येत नव्हती. दोन खोल्या, एक बाल्कनी, दोन माणसांचं स्वयंपाकघर. आई असताना कुलपात किल्ली फिरायच्या आतच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “आज कोणाचं डोकं खाल्लंस?” मग ती पर्स खुर्चीवर टाकून, चप्पलसुद्धा न काढता, सगळं सांगत सुटायची. कोणता साहेब काय म्हणाला, कोण चहाला गाठल्यावर फुटलं. आईला त्यातलं अर्धं कळत नसे. पण “मग?” कुठे म्हणायचं ते तिला बरोबर कळायचं. आता दिवसभर गोळा झालेलं बोलणं तसंच राही. रविवारी दादाचा फोन यायचा, परगावाहून. “तब्येत?” “बरी.” “बाकी?” “बाकी काही नाही.” मागून वहिनी ओरडून काहीतरी विचारायची, दादा ते सांगायचा, आणि फोन संपायचा. खरं म्हणजे काम होतं म्हणून ती रोज माणसांशी बोलत होती. काम नसतं त्या आठवड्यात दूधवाल्याला ‘एकच पिशवी’ म्हणताना तिचा स्वतःचा आवाज तिला घोगरा वाटायचा.

श्रवणयंत्रांच्या कंपनीचं काम तिला अशा वेळी मिळालं होतं. कंपनी लहान. वडिलांनी सुरू केलेली, आता मुलगा चालवत होता. सगळे त्याला मालक म्हणत. वरच्या मजल्यावर दुरुस्तीची खोली, तिथे भिंग लावून बसणारे हेडमिस्त्री आणि त्यांचे दोन हाताखालचे. त्याच्या खाली, पहिल्या मजल्यावर, काउंटर आणि एक लांबच लांब बाक; इमारतीची लिफ्ट जुनी, कधी चालायची कधी नाही. काउंटरवर काकू. काकूंचं नाव रजिस्टरवर असेल, पण मालकांसकट सगळे काकूच म्हणत. मालकांचं म्हणणं, दुरुस्तीला वेळ फार लागतो, गिऱ्हाइकं खाली ताटकळतात, काहीतरी नवी पद्धत बसवून द्या. पहिला टप्पा या शाखेत. तो जमला तर दुसरा टप्पा सगळ्या शाखांमध्ये, म्हणजे तिला दोन वर्षं पुरेल एवढं काम. दोन वर्षं रोज कुठेतरी कोणीतरी दार उघडून म्हणणार, “या मॅडम, बसा.”

तिने नियमाप्रमाणे बाकाच्या टोकाला बसून पाहिलं होतं. गिऱ्हाईक यायचं, बहुतेक म्हातारं. काकू यंत्र घेऊन वर पाठवायच्या. वर मिस्त्री ते तपासपेटीत घालायचे. पेटी वेगवेगळे आवाज देई आणि काट्यावर दाखवी की यंत्राला काय ऐकू येतंय. बहुतेकदा कानातला मळ नाहीतर संपलेली बॅटरी. कित्येकदा काहीच नाही. तसं असलं की मिस्त्री चिठ्ठीवर शिक्का मारायचे, ‘दोष आढळला नाही.’ यंत्र खाली आलं की काकू ते गिऱ्हाइकाच्या कानात बसवायच्या, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. पाठ अशासाठी, की गिऱ्हाइकाने ओठ बघून उत्तर देऊ नये. मग भिंतीकडे तोंड करून विचारायच्या, “काय जेवलात आज?” गिऱ्हाईक सांगायचं. “एवढंच? का बरं?” तेही सांगायचं. तिथून गाडी गुडघ्यावर जायची, गुडघ्यावरून सुनेवर, सुनेवरून काकूंच्या स्वतःच्या सुनेवर, आणि काकू कधी वळून बाकावर येऊन बसल्या ते दोघांनाही कळायचं नाही.

“तपासणीला एवढा वेळ का लागतो?” तिने विचारलं होतं.

काकू ओशाळल्या. “तोंड आहे ना माझं, सुटलं की सुटतं. मालकांना सांगू नका हं.”

तिने मालकांना काकूंचं तोंड सांगितलं नाही. पण कामाच्या नकाशात, जिथे प्रत्येक पायरीला एक चौकोन असतो, तिथे काकूंच्या चौकोनात लाल रंग भरला. आत लिहिलं, ‘फेरतपासणी. अनावश्यक.’ पेटीने तपासलेलं यंत्र माणसाने पुन्हा कशाला तपासायचं? नवी पद्धत सुटसुटीत होती. कुरिअरवाला घरून यंत्र नेणार, दुरुस्त झालं की घरी आणून देणार. कोणी जिने चढायला नको, बाकावर ताटकळायला नको. मालक खूश झाले. काउंटर बंद झाला, काकूंना पॅकिंगमध्ये बसवलं. काकूही खूश. “बरं झालं बाई. घसा वाचला माझा. या म्हाताऱ्यांची कटकट काही कमी नव्हती.”

आणि मग यंत्रं परत यायला लागली.

आधी वाटलं, नवं आहे म्हणून. पण दर महिन्याला वाढतच गेली. तीच गिऱ्हाइकं, तीच यंत्रं, आणि वरून परत जाताना तोच शिक्का. तिने स्वतः तक्रारीच्या अर्जात पर्याय करून दिले होते, शिट्टी येते, खरखर येते, बंद पडते वगैरे. लोक सगळ्यांत जास्त खूण करत होते ती ‘बोलण्याचा आवाज येत नाही’ यावर. मिस्त्रींनी पेटी तपासली, पेटीवाल्या कंपनीचा माणूस बोलावून तोही तपासला.

“यंत्रं ठणठणीत आहेत,” ते भिंग कपाळावर सरकवून म्हणाले. “माणसं बिघडलीत. त्यांना पेटीत घालायची सोय असेल तर बघा.”

मालकांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी शुक्रवारी बैठक ठेवली. तिसऱ्यांदा ‘दोष नाही’ निघालं तर पुढे ते यंत्र दुरुस्तीला घ्यायचंच नाही, असा नियम करायचा त्यांचा विचार होता. “तुम्ही तोपर्यंत कारण शोधा मॅडम,” ते म्हणाले. “कुरिअरवाले आपटत असतील, मला तर तेच वाटतंय. तसं असेल तर कुरिअर बदलू आणि दुसऱ्या टप्प्याला लागू.”

हे त्यांनी सहज म्हटलं, पण तिला दार उघडून दिल्यासारखं झालं. कुरिअरवर ढकललं की सगळं जागच्या जागी राहणार होतं. फक्त आपटलेलं यंत्र पेटीत ठणठणीत कसं निघेल, एवढा एक प्रश्न राहत होता, आणि प्रश्न राहिलेला तिला चालत नसे.

“सगळ्यांत जास्त वेळा कोणाचं येतं?” तिने मिस्त्रींना विचारलं.

“लिफ्टवाले आजोबा. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, तिथल्या मोटारींनी कान गेले. गेल्या खेपेला त्यांनी यंत्र घरीच साफ करून पाठवलं. वर चिठ्ठी, की कृपया पुन्हा बघावे.”

लिफ्टवाले आजोबा एका जुन्या इमारतीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट मात्र लोण्यासारखी चालत होती. त्यांनी दार उघडलं, तिचं ओळखपत्र चष्मा वर करून वाचलं आणि तिला आत घेतलं. दोन खुर्च्या होत्या. एकीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला; त्यांनी तो उचलून जमिनीवर ठेवला, खुर्चीवर फडकं मारलं आणि म्हणाले, “बसा. ही जरा हलते, टेकून बसू नका.”

तिने मोठ्याने सांगितलं, की ती काही दुरुस्त करायला आलेली नाही. आवाज नेमका केव्हा जातो एवढंच बघायचंय. “तुमचं रोजचं चालू द्या आजोबा. मी नाही असं समजा.”

“ते जमेल,” ते म्हणाले. “सवय आहे.”

त्यांनी यंत्र कानात बसवलं, अंगठ्याने चाक फिरवलं आणि ते आपल्या दिवसाला लागले. कप विसळला. ओट्याचा एक कोपरा पुसला, मग तोच पुन्हा पुसला. वर्तमानपत्र वाचलं, अगदी खालच्या ओळीपर्यंत, बोट फिरवत. खिडकीशी जाऊन खालचा रस्ता पाहिला. ती पेन हातात धरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. या कामात तिचा हातखंडा होता. ती खोकलीसुद्धा नाही. बोलली असती तर जे बघायला आलो तेच बिघडलं असतं. फ्रीज घुरघुरत होता, तो थोड्या वेळाने एक उचकी देऊन बंद झाला. खोलीत ऊन टेबलावरून खाली उतरलं. आजोबा तिच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ बसले. तिच्याकडे नाही, तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघत.

मग त्यांनी कानाला हात लावला. “बघा,” ते म्हणाले. “गेला.”

तिने घाईने वाकून यंत्राकडे पाहिलं. बारीक हिरवा दिवा लागलेला होता. “आजोबा,” ती म्हणाली, “आता ऐकू येतंय का?”

“आता आला,” आजोबा म्हणाले आणि हताशपणे हसले. “हे असंच करतं. कोणी आलं की येतो. मिस्त्रीकडे नेलं की येतो. डॉक्टरच्या दारात ताप उतरतो तसं.”

पेन तिच्या हातातच राहिलं. पण घाईने निष्कर्षावर उडी मारायची नाही एवढं भान तिला अजून होतं. “टिचकी मारून बघता का तुम्ही?”

“रोज. टिचकी ऐकू येते. नळ येतो, भांडं पडलं तर ते येतं. बोलण्याचा तेवढा येत नाही.”

इथे एक प्रश्न होता, ‘का?’ हा. तो तिने जन्मभर लोकांना विचारला होता, एकदा विचारून भागलं नाही तर पुन्हा पुन्हा, तळ लागेपर्यंत. तो जिभेवर आला आणि तिथेच थांबला. तिने वेगळंच विचारलं.

“पहिल्यापासून असं होतं?”

“छे. पूर्वी कसं छान होतं. काउंटरवरच्या बाई नीट करून द्यायच्या. तिथून आणलं की पंधरा-वीस दिवस बघायला नको.”

“काय करायच्या त्या?”

“काय की.” आजोबा स्वतः जन्मभराचे मिस्त्री, त्यांनी तसाच विचार केला. “लांब जाऊन पाठ करून उभ्या राहायच्या आणि काहीबाही विचारायच्या. काय जेवलात, झोप लागते का. त्यात काहीतरी अ‍ॅडजस्ट करत असणार. कुरिअरवाला नुसती सही घेतो आणि जातो. त्याला त्यातलं काय कळणार?”

ती उठली तेव्हा ते तिला सोडायला लिफ्टमध्ये आले, ती नको म्हणत असताना. खाली येईपर्यंत डोकं जरा तिरकं करून मोटारीचा आवाज ऐकत होते. तळमजल्याला दार उघडलं तरी ते बाहेर पडले नाहीत. “हिचा येतो,” ते म्हणाले आणि पुन्हा वरचं बटण दाबलं.

तिने एका घरावरून काही ठरवलं नाही. पुढचे दोन दिवस ती वणवण फिरली. एका घरी मुलं, नातवंडं, टीव्ही, कुत्रा. तिथलं यंत्र खरोखरच बिघडलेलं निघालं, आंघोळीला घालून जायची आजी. दुसऱ्या घरी निवृत्त नर्स, एकटीच. तिसऱ्या घरी एक बाई, नवरा गेलेला, मुलगा वर्षातून एकदा येणारा. या बाईंनी तिला दारातच सांगितलं, “बघा, तुम्ही आलात तर नेमका चालतोय.” प्रत्येक घरी तिने एकच प्रश्न जास्तीचा विचारला, घरी कोण कोण असतं. तक्रारीच्या अर्जात तिने बॅटरीचा प्रकार विचारला होता, यंत्राचं वय विचारलं होतं, गिऱ्हाईक उजव्या कुशीवर झोपतं की डाव्या हेसुद्धा विचारलं होतं. हा विचारला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी घरी आली. किल्ली फिरवली. पर्स खुर्चीवर टाकली आणि चप्पल घालूनच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ओट्यावर सकाळचा कप होता. “लिफ्टवाल्या आजोबांचं डोकं खाल्लं,” ती म्हणाली. बोलणं फरशीवर पडून राहिल्यासारखं वाटलं. आपण हे मोठ्याने बोललो याची तिला लाज वाटली, आणि शेजारी ऐकू गेलं असेल का म्हणून ती उगाच नळ सोडून कप धुवायला लागली.

मग तिने नकाशा उघडला. लाल चौकोन चांगला ठसठशीत होता. शुक्रवारी कुरिअरचं नाव घेतलं तर कोणी तिला उलट विचारणार नव्हतं. उलट विचारणारी बैठकीत ती एकटीच होती. दोन वर्षं काम, नव्या शाखा, नवी माणसं, चहा. त्याऐवजी हा चौकोन दाखवला तर मालक दुसरा टप्पा देणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. भूक लागली होती पण कोणासाठी उठायचं, म्हणून टोस्टवर भागवलं. कुरिअरचं वाक्य तिने एकदा लिहूनही बघितलं. वाक्य चांगलं झालं होतं. ते तिने खोडलं.

बैठकीत ती म्हणाली, “यंत्रात दोष नाही, पेटीत नाही, कुरिअरमध्येही नाही. मी एक पायरी चुकीची काढली.” आणि काकूंचा चौकोन दाखवला.

मालकांना आधी समजेचना. समजलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे लोकांना ऐकू येतंय. पण बोलायलाच कोणी नाही, म्हणून यंत्र बिघडलं असं ते म्हणतात?”

“हो.”

“मग हा माझा दोष आहे का? मी यंत्रं विकतो मॅडम. शेजारी विकत नाही.”

“दोष तुमचा नाही. पण ते आधी काउंटरवर येत होते तेव्हा हे भागत होतं. आपल्याला माहीत नव्हतं, काकूंनाही माहीत नव्हतं. मला वाटलं तिथे वेळ वाया जातोय.”

मालक टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. “असं करू. यंत्र घरी पोचलं की आपोआप फोन जाईल. गोड आवाजात रेकॉर्ड करून ठेवू. नमस्कार, आपले यंत्र सुस्थितीत आहे.”

मिस्त्री एवढा वेळ नुसते मान हलवत होते. ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात तक्रार येईल, की बाई एकच वाक्य बोलते, दुरुस्त करून द्या.”

मालक हसले नाहीत, पण त्यांनी रेकॉर्डिंगचं पुन्हा काढलंही नाही. धंदा त्यांना कळत होता. परत येणाऱ्या यंत्रांचा आकडा समोर होता आणि काउंटर चालू असतानाचा आकडाही. काउंटर उघडायचं ठरलं. ज्यांना जिना झेपतो ते येतील, बाकीच्यांना कुरिअर. यंत्र न घेण्याचा नियम मागे पडला. मग ते तिच्याकडे वळले आणि आवाज जरा मऊ करून म्हणाले, “तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं झालं. पण दुसऱ्या टप्प्याचं आता नको. आहे ते आधी रुळावर येऊ दे. तुम्ही महिनाअखेर मोकळ्या व्हा.”

“चालेल,” ती म्हणाली. एवढं सोपं उत्तर तिने बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र परत द्यायला आली तेव्हा बाक भरलेला होता. काकू काउंटरवर होत्या आणि तिला बघताच त्यांनी तोफ डागली. “तुमच्यामुळे पुन्हा इथे आले मी. पॅकिंगमध्ये कसं शांत होतं. कोणी येऊन मूळव्याध सांगत नव्हतं.” त्यांनी ओळखपत्र खणात टाकलं आणि एक नवं यंत्र बाहेर काढलं. “जरा बसा हो. हे नव्या बनावटीचं आलंय. चांगल्या कानाच्या माणसावर बघून घ्या म्हणालेत मिस्त्री. तुमचे कान तिखट आहेत.”

तिला घाई नव्हती. ती बाकाच्या टोकाला बसली. तीच जागा, तिथूनच तिने मागे सगळं पाहिलं होतं. काकूंनी यंत्र तिच्या कानात बसवलं. एकदम सगळं जवळ आलं. कोणाच्या तरी पिशवीची सळसळ, कोणाचा तरी श्वास, काकूंच्या चपला लांब जाताना. काकू पलीकडच्या भिंतीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

“काय जेवलात आज?”

आवाज अगदी कानात आला. “अजून काही नाही,” ती म्हणाली.

“आणि काल रात्री?”

“टोस्ट.”

“टोस्ट हे काय जेवण झालं? का बरं?”

बाकावरची सगळी वाट बघत होती, निवांत, कोणालाच घाई नसल्यासारखी. तिच्या शेजारी लिफ्टवाले आजोबा होते. ते जिन्याने आले होते, इथली लिफ्ट कुरकुरतेय, जाताना एकदा बघून घ्यायचंय असं म्हणत. त्यांनी तिच्या कानातल्या यंत्राकडे पाहिलं.

“तुमचंही बिघडलं?” त्यांनी विचारलं.

“बघून घेतेय,” ती म्हणाली.

भिंतीशी काकू तशाच पाठ करून उभ्या होत्या. “ऐकू आलं नाही का?” त्या म्हणाल्या. “का बरं, म्हणून विचारलं मी.”

“आलं,” ती म्हणाली, आणि पर्स मांडीवरून बाकावर ठेवून सांगायला लागली.